पाठीला बांधायचा भोपळा

गोरक्षने पँटच्या आत नवी कोरी नायलॉनची चड्डी घातली होती, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. पहाटे धारा काढायच्या आधीच त्याने ती चढवली होती. त्यात मे महिना. गाडीत बसेपर्यंत बिचाऱ्याच्या मांड्या घामाने चिकट झाल्या. राहुरीच्या दुकानदाराने 'पोहायला हीच लागते' म्हणत निळ्या रंगाची, कडेला पांढरी पट्टी असलेली चड्डी त्याच्या गळ्यात मारली होती. एरवी गोरक्ष जन्मभर विहिरीत पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उड्या मारलेला माणूस. पण आज विहीर नव्हती, कोल्हारला वाल्मिकच्या फार्महाऊसवरचा स्विमिंग पूल होता. तिथं पोरांसमोर बापाने जरा बऱ्या कपड्यात दिसायला नको का?

गाडी त्याची बायको मोनिका चालवत होती. मागे नऊ वर्षांचा ओम मोबाईलमध्ये मान घालून बसला होता आणि सहा वर्षांची संस्कृती खिडकीबाहेरचे ट्रक पाहत होती. डिकीत युरियाची धुतलेली गोणी होती, आणि गोणीत भोपळा.

आता हा भोपळा काही भाजीचा नव्हे. कडू भोपळा, वेलीवरच वाळू दिलेला. तो पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. गोरक्षच्या बापाने त्याला असाच भोपळा बांधून विहिरीत लोटलं होतं आणि स्वतः मागोमाग उडी टाकली होती. गेल्या पावसाळ्यात गोरक्षने विहिरीच्या कडेला बी टोचलं ते याच दिवसासाठी. दिवाळीनंतर फळ उतरवलं, गोठ्याच्या आढ्याला टांगलं, मधूनमधून तेलाचा हात फिरवला. दोरी पोरीच्या अंगाला काचेल म्हणून बनुबाईच्या, म्हणजे त्याच्या वारलेल्या आईच्या, लुगड्याचा काठ फाडून मऊ पट्टा शिवला. सुई हातात धरता येत नसताना शिवला. रोज गाईच्या पोटाशी डोकं टेकून धार काढताना तो मनातल्या मनात पोरीला शिकवायचा. हात असे मार, पाय असे मार. घाबरायचं नाही, मी आहे ना.

मोनिका पोरांना घेऊन तीन वर्षांपासून पुण्याला, वाघोलीला राहत होती. भांडण वगैरे काही नाही, लोकांना उगाच शंका येते म्हणून सांगितलं. पोरांची शाळा तिकडे, आणि तिलाही त्याच शाळेत नोकरी मिळाली. तेव्हा गोरक्षच म्हणाला होता, जा. त्याला जाता येत नव्हतं, कारण दावणीला आठ गाई, आणि गाईंना रविवार नसतो. महिन्यातून एकदा तो सकाळची धार काढून निघायचा, दुपारी पोचायचा, आणि संध्याकाळच्या धारेसाठी तसाच परत फिरायचा. पोरं बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या क्लासला गेलेली असायची. राहिला फोन. रात्री तो विचारायचा, जेवलात का? हो. काय खाल्लं? भाजी-पोळी. अभ्यास झाला? हो. आणि मग पोर म्हणायचं, मम्मीला देऊ का? बोलायला काही सापडायचं नाही. फोन ठेवल्यावर सगळं आठवायचं.

या उन्हाळ्यात पोरं महिनाभर येणार होती. मग ओमचं शिबिर निघालं आणि महिन्याचे आठ दिवस झाले. मग मोनिकाच्या माहेरी लग्न निघालं आणि आठाचे दोन झाले. त्यातला काल प्रवासात आणि झोपेत गेला. आज संध्याकाळी ती इथूनच पुण्याला जाणार होती. राहिला होता तो एवढाच दिवस. विहिरीला मोनिकाने आधीच नाही म्हटलेलं. मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, पायऱ्यांवर शेवाळ, तिचंही काही चुकत नव्हतं. म्हणून मग गोरक्षने वाल्मिकला फोन केला होता.

वाल्मिक फाटकातच उभा होता. पोट पुढे, खांद्यावर टॉवेल, तोंडभर हसू.

"या वहिनी, या! पोरं केवढी झाली रं गोरक्ष! आमची पोरं गेलीत मामाकडं, त्यामुळं पूल तुमचाच हाय आज."

त्या पुलाला गावातले लोक हौद म्हणत, आणि वाल्मिकला त्याचा भयंकर राग येई. तो आणि गोरक्ष एकाच विहिरीत, एकाच भोपळ्यावर पोहायला शिकलेले. म्हणजे गोरक्ष शिकला. वाल्मिकने एकदा पोटभर पाणी प्यायलं आणि कायमचा धसका घेतला; आता स्वतःच्या मालकीच्या पुलातही तो गुडघ्यापलीकडे उतरत नसे.

"आनला का?" त्याने गोरक्षच्या कानाशी येऊन विचारलं.

"आनलाय. गप बस. आधी दाखवायचा न्हाई."

वाल्मिकची बायको सुकन्या मोनिकाला आणि पोरांना कपडे बदलायच्या खोलीकडे घेऊन गेली. गोरक्षने गोणी उचलली आणि आंब्याच्या झाडामागे गेला. भोपळा बाहेर काढला, पट्ट्याची गाठ ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. आधी संस्कृती, मग ओम. ओम मोठा आहे, थोडा वेळ थांबेल. पोरगी आधी रडेल, गळ्याला मिठी मारेल, सोडू नका म्हणेल. ती मिठी त्याला आत्ताच गळ्याशी जाणवत होती. त्याने पँटच्या पट्ट्याला हात घातला.

तेवढ्यात धप्पकन आवाज आला. लगेच दुसरा.

गोरक्ष झाडामागून पुढे आला तर काठावर कुणी नव्हतं. पाण्यात ओमचं डोकं दिसत होतं. संस्कृतीचं नव्हतं.

"संस्कृती! अगं ए! पोरगी बुडाली! वाल्मिक!"

तो धावला. एक चप्पल मागेच राहिली, खुर्ची आडवी झाली. काठावर पोचून तो उडी टाकणार, तोच पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला एक लाल टोपी वर आली. डोळ्यांवर गॉगल, तोंडभर पाणी, आणि हसू.

"पप्पा, काय झालं?"

"पप्पा, ओरडू नका ना," ओम म्हणाला. "ती अंडरवॉटर करत होती. मी बघत होतो तिच्याकडे."

सुकन्या आणि मोनिका बाहेर आल्या त्या हसतच. "अहो, येतं त्यांना पोहायला," मोनिका म्हणाली. "जानेवारीपासून सोसायटीच्या पूलवर क्लास आहे. सांगितलं होतं ना मी?"

"न्हाई," गोरक्ष म्हणाला.

"असं कसं? ओमने लांबी पूर्ण केली त्याचा व्हिडिओपण टाकला होता ग्रुपवर, आईच्या..." ती मध्येच थांबली. तो ग्रुप तिच्या माहेरचा होता. गोरक्ष त्यात नव्हता. "मला वाटलं, तुम्हाला सांगितलंय."

ती खोटं बोलत नव्हती. लपवलं असतं तर गोरक्षला निदान भांडता आलं असतं. इतक्या जणांना सांगून झालं होतं की त्यात नवराही आला असेल असं तिला वाटून गेलं. एवढंच झालं होतं.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "पवायला आलंच पाहिजे."

त्याने झाडामागे जाऊन भोपळा पुन्हा गोणीत घातला, आडवी झालेली खुर्ची उभी केली आणि तिच्यावर बसला.

मग दिवसभर तो तिथेच बसून राहिला. टॉवेल त्याच्या मांडीवर, गॉगलची डबी त्याच्या खिशात. पोरं हाक मारायची, पप्पा, बघा! तो बघायचा, टाळ्या वाजवायचा. पप्पा, फोटो काढा! तो काढायचा. पोरं खरंच छान पोहत होती. विहिरीतल्यासारखं धबाधबा नाही, मान एका बाजूला वळवून, श्वास घेऊन, पाणी न उडवता. सर म्हणतात कोपर वर ठेवायचं. सर म्हणतात पाय वाकवायचा नाही. त्या न पाहिलेल्या सरांचा गोरक्षला मनापासून राग आला. पहिल्या दिवशी संस्कृतीने त्या माणसाच्या गळ्याला मिठी मारली असेल का? सोडू नका म्हणाली असेल का? मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरं शिकली हे वाईट झालं का? बापाला पोरांचं कौतुक वाटायला पाहिजे. वाटतही होतं, पण टाळ्या वाजवता वाजवता नजर आंब्याच्या झाडाकडे जायची ती जायचीच.

"उतर की तू," वाल्मिक शेजारी येऊन हळूच म्हणाला. "माझी चड्डी देऊ का? दोरीनं आवळ."

"नगं. पानी लई गार हाय."

भर मे महिन्यात हे उत्तर ऐकून वाल्मिकने त्याच्याकडे पाहिलं. मग आंब्यामागच्या गोणीकडे पाहिलं. एरवी त्याने खेचायची संधी सोडली नसती. आज तो सरळ कलिंगड कापायला गेला.

दुपारी आमरस, पोळ्या, कुरडया. पोरं ओल्या केसांनी जेवली आणि पुन्हा पाण्यात गेली. मोनिकाही पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरली. तिघं एकमेकांवर पाणी उडवत होते, आणि ते तिघंच पुरे होते. चौथ्याची जागा कुठे रिकामी दिसत नव्हती. गोरक्षने त्यांचे पुष्कळ फोटो काढले. एकाही फोटोत तो नव्हता, आणि तसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार वाजता त्यालाच म्हणावं लागलं, "निघू आता. धारांची येळ झाली."

डिकीत ओल्या कपड्यांच्या पिशव्या आल्या म्हणून गोणी मागच्या सीटवर संस्कृतीशेजारी ठेवली गेली. ओम खिडकीला डोकं टेकून झोपला. संस्कृतीने गोणीला हात लावला, हलवून पाहिलं. आत खुळखुळ वाजलं.

"पप्पा, यात काय आहे?"

"भोपळा."

तिने गोणीचं तोंड उघडून तो बाहेर काढला. "हा खायचा?"

"न्हाई. कडू असतो. ज्याला पवता येत न्हाई ना, त्याच्या पाठीला बांधत्यात. मंग तो बुडत न्हाई."

संस्कृतीने पट्टा बोटांनी चाचपला. भोपळ्याकडे पाहिलं, मग पुढच्या सीटवरच्या बापाकडे. तिच्या डोक्यात हिशेब जुळला. मग दबक्या आवाजात, ओमला ऐकू जाऊ नये म्हणून, तिने विचारलं, "तुम्हाला पोहता येत नाही?"

मोनिकाने झटकन मान वळवली. नवी नवरी असताना तिने याच माणसाला विहिरीच्या काठावरून सूर मारताना पाहिलं होतं. गावात कुणाची मोटार विहिरीत बसवायची असो की पडलेलं वासरू काढायचं असो, हाक गोरक्षलाच यायची.

गोरक्ष समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई येत."

"म्हणून तुम्ही आज पाण्यात नाही आलात?"

"व्हय."

"मग भोपळा बांधायचा ना! आणला होता तर."

"लाज वाटली."

संस्कृतीने यावर बराच विचार केला. तिला बापाची दया आलेली होती. "मलापण पहिल्यांदा येत नव्हतं," ती म्हणाली. "पुढच्या सुट्टीत मी शिकवते तुम्हाला. मी खूप दिवस येईन. भोपळा मीच बांधेन. घाबरायचं नाही, मी आहे ना."

गोरक्ष मागे वळला. त्याने खिशात हात घातला, तर तिथं गॉगलची डबी होती. त्याने ती मागे देऊन टाकली.

"शिकव," तो म्हणाला. "पर खरंच यायचं बरं का."

"प्रॉमिस."

फाट्यावर मोनिकाने गाडी बाजूला घेतली. इथून त्याचा रस्ता आत, तिचा सरळ. झोपलेल्या ओमच्या केसांवरून त्याने खिडकीतून हात फिरवला. संस्कृतीने भोपळा दोन्ही हातांनी जपून त्याच्याकडे दिला, आणि हरवू नका म्हणून बजावलं.

मोनिका खाली उतरली. "संस्कृतीसाठी केला होता ना?" तिने विचारलं.

"निघ आता. अंधार व्हायच्या आत नगर ओलांड."

"गोरक्ष..." लग्नानंतर तिने त्याला नावाने क्वचितच हाक मारली असेल. तिने गाडीचं दार उघडलं. "पोचल्यावर फोन करते."

"कर."

गाडी गेली. मागच्या काचेतून एक हात हलत होता, तो दिसेनासा होईपर्यंत गोरक्ष थांबला, आणि मग भोपळा काखेत मारून गावाकडे चालू लागला. वाटेत दोघांनी विचारलं, पोरं गेली का? गेली, म्हणाला.

गाई खोळंबून हंबरत होत्या. त्याने घरात जाऊन पँट काढली. निळी चड्डी आत तशीच होती, घामाने भिजलेली, पाण्याचा एक थेंब न लागलेली. घरात पाहायला कुणी नव्हतं, म्हणून तो तसाच त्या चड्डीवर धारा काढायला बसला. बादलीत धार वाजू लागली आणि डोकं गाईच्या पोटाला टेकलं. रोजच्या सवयीने मनात शब्द आले, हात असे मार, पाय असे मार. तो थांबला. शिकवायचं आता कुणाला?

धारा झाल्यावर त्याने भोपळ्याला तेलाचा हात फिरवला आणि तो पुन्हा आढ्याला टांगला. पट्ट्याची गाठ सोडून त्याने तो वाढवला, त्याच्या स्वतःच्या छातीला पुरेल एवढा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आता त्याला पोहणं विसरायचं होतं.