हजेरीपुरती झाडं

"अरे अरे, उपटू नकोस! मूळ दुखावेल त्याचं."

मावशी ओरडली आणि मुकादमाचा हात काटकीवरच थिजला. मूळ! असतं तर दुखावलं असतं ना.

झाडं लावणाऱ्या टोळीच्या ह्या मुकादमाला सगळे गमत्या म्हणायचे. गेल्या वर्षी कंपनीनं मावशीच्या पडीक जमिनीच्या तुकड्यावर तीनशे देशी झाडं लावायला घेतली. झाडं कारखान्यांचा धूर पिणार, पाखरं परत येणार, असं काहीबाही कागदावर होतं. रोपांची गाडी शंभर रोपं टाकून गेली ती गेलीच, आणि फोटोवाले तर दुसऱ्याच दिवशी येणार. गमत्यानं डोकं चालवलं. बांधावरच्या झाडांच्या हिरव्यागार फांद्या छाटल्या, उरलेल्या दोनशे खड्ड्यांत खोचल्या, वर नंबरचे बिल्ले लटकवले. फोटो असा झकास आला की कंपनीनं कॅलेंडरवर छापला. टोळी महिनाभर पोट धरून हसत होती.

मावशीला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आज तो कंपनीच्या तपासनिसाबरोबर जगलेली झाडं मोजायला आला, तर दोनशे वाळक्या काटक्या ताठ उभ्या. आणि प्रत्येकीच्या बुडाशी गोल आळं. ओलं.

"काय चुकलं रे माझं?" मावशीनं हळूच विचारलं. तपासनीस लांब, दुसऱ्या टोकाला होता. "ती शंभर बघ कशी तरारलीत. त्यांना दिवसाआड पाणी. ह्या मेल्यांना रोज तांब्या-तांब्या, तरी रुसलेल्याच! पुन्हा रोपं देतील ना रे?"

गमत्याच्या जिभेवर कायम एखादी कोटी तयार असायची. आज त्यानं नुसती काटकी वर ओढली. बुडाला कोयत्याचा तिरपा, स्वच्छ काप.

मावशीनं ती घेतली. कापावरून अंगठा फिरवला. शेजारची ओढली. तिच्या शेजारची. मग तिन्ही पुन्हा खोचून पायानं माती दाबली.

"मावशी, मी साहेबांना सांगतो."

"गप. नोकरी जाईल."

तेवढ्यात तपासनीस आलाच. "एवढी कशी मेली हो?"

"साहेब, ते..." गमत्या सांगू लागला.

"माझ्याकडनं हयगय झाली," मावशी म्हणाली. "ह्यांना वेळेवर पाणी नाही घातलं."

"मग पुन्हा रोपं मिळायची नाहीत, बाई." तपासनीस गमत्याकडे वळला. "नोंदवा. कारण, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा."

गमत्यानं फोन काढला. उन्हात काही दिसेना. मावशी पुढं झाली आणि तिनं दोन्ही तळव्यांची सावली फोनवर धरली.

"हं. लिही आता."

गमत्या एकेक अक्षर शोधत राहिला.