नुसता हात लाव

बदाम. राखाडी, पोकळ, आणि बोट लावलं की भसकन लाल होणारा. चहापत्तीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर क्षमा सकाळपासून कितव्यांदा तरी तो बघत होती आणि दर वेळी तिला तो पत्त्यांतला बदामच वाटत होता — हुकूम दुसऱ्याच कुणाचा, आणि आपल्या हातात आली ती बदामाची दुर्री. परातीत तांदळाची उकड निवत होती. भाकऱ्या व्हायच्या होत्या. पण डोळे त्या बदामावरून हलायला तयार नव्हते, कारण त्या जागी परवापर्यंत 'मम' होतं.

मम. 'पडवी' नावाच्या त्या मराठी संकेतस्थळावर, जिथे लोक लिहायचे, भांडायचे, रुसायचे आणि चार दिवसांनी परत यायचे, तिथली ही रीत. कुणाचं लिहिणं पटलं की खाली नुसतं 'मम' टाकायचं. पूजेत गुरुजी अख्खा संकल्प आपणच म्हणतात आणि शेवटी यजमानाला सांगतात, "मम म्हणा" — तेच ते. कुणी सुरू केलं देव जाणे. पण पडवीवर 'तिरफळ' या नावाने लिहिणाऱ्या बाईला ते जेवढं मिळायचं तेवढं फार थोड्यांना मिळत असेल. आणि तिरफळ म्हणजे कोण, तर ही — मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर भाकऱ्या थापणारी क्षमा — हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नंदकुमारला नाही, मिहिरला नाही. कशाला सांगायचं? एक तरी खोली असू दे की माझ्या नावाची, जिथे कुणी टॉवेल कुठेय म्हणून विचारत येणार नाही...

लग्नानंतरचा पहिला सत्यनारायण. नवी कोरी नऊवारी, पाटावर पाय बधिर झालेले, आणि गुरुजी म्हणाले, मम म्हणा. नंदकुमार म्हणाला. तिनेही तोंड उघडलं — एवढे नवस-संकल्प चाललेत, त्यात आपलंही काही असेल ना? — तर मागून सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला. "तू नाही गं. तू त्याच्या हाताला नुसता हात लाव." लावला. मग पुढची सगळी वर्षं लावतच राहिली. घर कुठे घ्यायचं, तिची नोकरी कधी सोडायची, मिहिरला कुठल्या शाळेत घालायचं — मम तो म्हणाला, हात हिने लावला. हेच तिने एके दुपारी, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, पडवीवर लिहिलं होतं. 'नुसता हात लाव' असंच नाव दिलं होतं. आणि खाली उतरत गेले ते मम, मम, मम... बोरिवलीची चंपा, घाटकोपरचे भाऊराव, कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका. नुसती दोन अक्षरं आणि पुढे एकेकाचं नाव. अंगठा सरकवून दुखला तरी संपेनात. त्या दिवशी ती ओट्याला धरून रडली होती, आणि भात लागला म्हणून बोलणीही खाल्ली होती.

परवा पडवीचं रूप बदललं. 'नुसता हात लाव' आहे, जागच्या जागी. खाली काही नाही. पांढरं, स्वच्छ, आणि एक पोकळ बदाम. जणू कुणी कधी आलंच नव्हतं. भडकून तिने तिथल्या तिथे चार ओळी खरडल्या होत्या, तेवढाच जीव हलका.

"आई, कॉफी कर ना. आणि हे ऐक, काय एकेक नमुने आहेत!" मिहिर लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि तिने डब्यावरचा मोबाइल झटकन पालथा घातला. तो अंधेरीच्या एका कंपनीत संकेतस्थळांची मांडणी करायचा. आज घरूनच काम होतं. "एक मराठी साइट रीडिझाइन केली आम्ही, पडवी म्हणून. सगळे पिसाळलेत. हा म्हणतो, 'आमची पडवी पाडून मॉल बांधलात.' हा म्हणतो, 'एवढं पांढरं की गॉगल लावून वाचतोय.' आणि ही तिरफळ बघ — 'घर झाडायला सांगितलं, तर घरची म्हातारीच केरात लोटलीत.'" तो खळखळून हसला. "सॉलिड लिहिते यार!"

सॉलिड. मुलगा म्हणाला, सॉलिड. छातीत काहीतरी असं फुलून आलं की भाकरीचा गोळा हातातच राहिला — सांगून टाकू का? मीच ती, रे —

"पण कटकटी. घरात कुणी विचारत नसणार हिला."

गोळा परातीत गेला.

"तुम्ही केलंत ते?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"म्हणजे मीच. आणि रडतायत कशासाठी? तर मम-मम. दोन-दोन अक्षरांच्या कमेंट्स गं, ढीगच्या ढीग. मला वाटलं, कचरा आहे. बाळं जेवायला मागतात ना, मम्मम — तसलं काहीतरी. फिल्टर लावला, तीन अक्षरांच्या आतलं सगळं साफ."

"परत नाही येणार?"

"कुठून येणार? गेलं."

"पूजेत म्हणतात रे ते." ती उकड मळू लागली, नको तितकी जोरात. "गेल्या वर्षी वास्तुशांतीला पाटावर बसलास, तेव्हा तूही म्हणालास. गुरुजींच्या मागून."

"मी? असेन. ते म्हणाले म्हणा, मी म्हटलं. मला कुठे कळत होतं काय म्हणतोय ते!"

नाही कळत. कसं कळेल? सांगितलं कुणी? त्या दिवशीसुद्धा ती मागे उभी होती, नैवेद्याचं ताट घेऊन. आता रागवायचं तरी कुणावर... आपलेच दात, आपलेच ओठ.

मिहिर मात्र आता ओट्याला टेकून नखं कुरतडत होता — दहावीच्या निकालाआधी कुरतडायचा तसाच. "वाट लागलीय गं माझी. वर तक्रारी गेल्यात. साहेब म्हणतो, घरच्यांकडून चांगल्या प्रतिक्रिया टाकून घ्या, नाहीतर या कामावरून तुला काढतो. ऑफिसातल्या अपूर्वाच्या आईने टाकली. तू टाकशील ना?"

"टाकेल की! तिला काय काम असतं दुपारचं?" हॉलमधून, पेपराच्या आडून, नंदकुमारने तिच्या वतीने होकार देऊन टाकला. सवयीने.

तिच्या हो-नाहीची वाट न बघता मिहिरने खातं उघडलंही होतं. नाव ठेवलं 'हॅपी आई'. मजकूरही त्याचाच. नवीन लूक झकास! आता वाचायला खरी मजा येते. लॅपटॉप तिच्यापुढे धरून तो म्हणाला, "वाचू पण नकोस. हे बटण दाब. नुसतं बोट लाव."

हात पिठाचे होते. तेवढं कारण पुरलं असतं. सांगता आलं असतं, हात भरलेत रे, नंतर बघू. पण त्याचा तो चेहरा, ती कुरतडलेली नखं... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं तिला. आणि खरं सांगायचं तर एवढा विचार करायला वेळ झालाच नाही. बोट आपोआप पुढे गेलं. किती शहाणं, किती वळणाचं बोट ते! बटणावर तांदळाच्या पिठाचा ठसा उमटला.

"जियो, आई!" म्हणून तो गेला.

दुपारी जेवणं आवरली, नंदकुमार घोरू लागला, मिहिर हॉलमध्ये एका कानात इअरफोन घालून कामाला बसला, तेव्हा तिने ओट्यापाशी उभ्यानेच पडवी उघडली. हॅपी आईच्या खाली चंपा येऊन गेली होती. चंपा, जिला तिने कधी पाहिलं नाही, पण जिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या पायाचं ते हिला माहीत.

'ही बाई पडवीवर एक दिवस बसलेली नाही. कुणीतरी लिहून दिलंय आणि हिने नुसता हात लावलाय. अशा बायकांमुळेच आपलं घर जातं. तिरफळ, कुठे आहेस गं? तुझ्याच शब्दांत हिची सालं काढ.'

खाली भाऊराव: 'तिरफळबाई, या आता.' आणखी दोघी-तिघी. सगळे वाट बघत होते. तिची, म्हणजे हिची. क्षमाने ते वाचलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. बरोबर ओळखलंस गं, चंपे. सख्ख्या पोराला नाही कळलं, तुला कळलं. कशी ही बाई, वाचतसुद्धा नाही आणि बोट लावते, मेली... मिहिरने मम पुसलं ते न कळून. मला तर कळत होतं ना?

काय लिहायचं? हॅपी आईची सालं काढायची, म्हणजे संध्याकाळी मिहिरने परत नखं कुरतडायची. गप्प बसायचं, तर तिरफळ मेली. तिने चंपाच्या खालची चौकट उघडली. एवढं सगळं मनात, पण बोटांतून दोनच अक्षरं उतरली. मम. आणि पाठवलं.

लाल पट्टी आली. 'आपली प्रतिक्रिया किमान तीन अक्षरांची असावी.'

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पट्टी. हसू आलं तिला, तोंडात कडू येतं तसं. तिथेही चिमटा! तिथेही, तू नाही गं! अक्षरं मात्र चौकटीत तशीच होती, ना गेलेली, ना पुसलेली, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. मम. म्हणजे माझं. ती हॅपी आईची थाप माझी. ही चंपाची चपराक माझी. तो हॉलमध्ये बसलेला अडाणीही माझाच.

"मम," ती म्हणाली. मोठ्याने. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, तरी दंड आपोआप आखडला.

"काय गं?" हॉलमधून मिहिरचा आवाज आला. "भूक लागली परत?"

"हो," क्षमा म्हणाली, आणि ओट्यावर पालथा घालायला उचललेला मोबाइल तिने तसाच, उताणा, हातात धरून ठेवला. पुसायचं नव्हतं. तिसरं अक्षर कोणतं, ते अजून सुचत नव्हतं.