आवाजाला सहा गुण

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मीच आधी सांगून टाकते, नाहीतर नवरा सांगेल. तो नोकरीसाठी परगावी असतो आणि फोनवर म्हणतो, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी अर्ज द्यावा लागतो, आणि तो अर्जही तूच भरून टाकतेस." आता यात माझं काय चुकलं? समोरच्यानं वाक्य सुरू केलं की ते कुठे जाणार हे मला दिसतं. मग ताटकळत कशाला बसायचं? तेवढाच दोघांचा वेळ वाचतो. निदान परवापर्यंत मला असं वाटत होतं.

घरगुती वस्तूंबद्दलच्या एका मासिकात माझं सदर असतं. मिक्सर, इस्त्री, पंखा, जे येईल ते चार-पाच दिवस आपल्याच घरात वापरायचं आणि मग गुण द्यायचे. दुकानात दोन मिनिटं बटणं दाबून लिहिलेलं आमच्या संपादकबाईंना खपत नाही. "वस्तू घरात रुळू दे, मग तिचे रंग दिसतात," असं त्या म्हणतात. सुनांबद्दल बोलतात तसं मिक्सरबद्दल बोलतात.

या खेपेला खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा. पाठीवर चिमुकला पडदा, मधोमध एकच लाल बटण. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. ज्यांना मोबाइलच्या भानगडी नकोत त्यांच्यासाठी. मला तो बघताक्षणी आवडला, कारण त्याच्यात आत एक बाहेर एक असं काही नव्हतं.

रोजच्या वापराची चाचणी करायची आमची एक रीत आहे. कॅमेरा घरात अशा जागी ठेवायचा की चार दिवसांनी सगळे त्याला विसरतील, आणि मग चालू करून आपल्या कामाला लागायचं. कॅमेरा आठवला की माणूस केस सारखे करतो आणि सभेत बोलल्यासारखं बोलतो, त्या चित्रणाचा काही उपयोग नसतो. मी सोमवारीच बाबांना तो दाखवला, कशासाठी आहे ते सांगितलं आणि फ्रिजवर ठेवून दिला. गुरुवारी बटण दाबलं आणि पाच मिनिटांत मीच विसरून गेले.

बाबा दीड वर्षापासून माझ्याकडे होते. आई गेली आणि पाठोपाठ त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळलं. डोकं लख्ख आहे, शब्दही आत तयार असतात, पण ओठांपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ते बोलायला लागले की तुम्ही मनात दहा आकडे मोजा. मध्ये शब्द पुरवू नका." मी मान डोलावली. "मी मोजते हो, न चुकता मोजते," असं मी शेजारीपाजारी सांगतही असे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाबांचं चष्म्यांचं दुकान तोच चालवतो. बाबांनी चाळीस वर्षं तिथे बसून भिंगं घासली. दुकानाच्या मागेच दादाचं घर, आणि त्यात तळमजल्याला एक खोली मोकळी आहे. दादा एक नंबरचा घुम्या. दिवसाला दहा शब्द बोलला तर त्याला ताप आलाय असं समजावं. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "खोली एकच आहे," तो म्हणाला. "बाबांना यायचं असेल तर त्यांची. नसेल तर सासूबाईंना आणतो, त्यांनाही जागा हवीये. रविवारी येतो. तोवर बाबांना विचार."

मी काय विचारणार? घुम्याच्या घरात बाबांशी बोलणार कोण? इथे मी सकाळपासून त्यांच्याशी बोलत असते. लोकसुद्धा म्हणतात, मुलगी असावी तर अशी. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

तर गुरुवारच्या चित्रणाचे गुण मी शुक्रवारी दिले. कागद घेऊन बसले, कॅमेरा टीव्हीला जोडला आणि एकेक रकाना भरत गेले. हातात धरायला सोपा, नऊ. चित्र नऊ. बॅटरी नऊ. घरच्यांना होणारा त्रास, काही नाही, म्हणजे दहा. आवाजापाशी थोडी अडले. मिक्सर चालू असतानाही बाईचा आवाज स्वच्छ येत होता, पण पुरुषाचा आवाज तुटक, मध्येच गायब. तो तर कॅमेऱ्यासमोर दोन हातांवर बसला होता! 'हळू बोलणाऱ्यांचा आवाज हा कॅमेरा नीट टिपत नाही,' असं लिहिलं, दहापैकी सहा दिले आणि लेख पाठवून मोकळी झाले.

शनिवारी सकाळी संपादकबाईंचा फोन. "बाकी सगळ्याला नऊ-दहा आणि आवाजाला सहा? पुरुषाचा आवाज तुटतो म्हणतेस, तो कॅमेऱ्यामुळे तुटतो की तो माणूसच तसा बोलत होता?"

"अहो, ते माझे..."

"मध्ये बोलू नकोस. कंपनी उद्या आपल्याला हेच विचारणार. कानाला हेडफोन लाव, सगळं पुन्हा ऐक आणि दुपारपर्यंत कळव."

बाबा आंघोळीनंतर पडले होते. मी हेडफोन लावून बसले. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं आणि सेकंद पळत होते.

चित्रणात आम्ही दुपारी जेवतोय. दादाचा फोन येतो. मी फोन खांद्याने कानाशी धरून म्हणते, "थांब, तुझ्यासमोरच विचारते. बाबा, तुम्हाला दादाकडे नाही ना जायचं?" बाबा चमचा खाली ठेवतात. ओठ जुळतात. "म..."

"नाहीच," मी म्हणते. "कशाला उगाच? ऐकलंस रे? नाही म्हणतात."

मी चित्रण मागे नेलं आणि आकडे बघितले. माझा प्रश्न संपल्यापासून माझं उत्तर सुरू होईपर्यंत दोन सेकंद.

पुढे बाबा पुन्हा सुरू करतात. "मला..." मी म्हणते, "पाणी?" मग "मीठ?" मग "पंखा कमी करू? चष्मा हवाय? गोळी राहिली का?" बोलता बोलता मी उठते, बसते, फडकं घेते. शेवटी बाबा पाण्याला मान हलवतात. पाणी त्यांना नकोच होतं, पेला भरलेलाच होता. त्या एका जेवणात मी त्यांची चौदा वाक्यं पुरी केली. मी मोजली. मोजायची एवढी हौस होती ना मला!

मग दाराची घंटा वाजते. कुरिअरवाला आलेला असतो आणि अर्थातच मी त्याच्याशी गप्पा मारत दारात उभी राहते. लांबून माझा आवाज येत राहतो. इथे स्वयंपाकघरात बाबा एकटे. ते माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "मला... दुकानात... जायचंय."

तोंड पुसतात. पुन्हा खुर्चीकडे बघून म्हणतात, "मला... दुकानात जायचंय." तिसऱ्यांदा आणखी थोडं बरं जमतं. परीक्षेला निघालेलं पोर पाठ म्हणतं तसं ते मी परत यायच्या आत तयारी करत होते. प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं. कॅमेरा बिचारा आपलं काम चोख करत होता.

मी हात झटकत परत येते. बाबा मान वर करतात. "म..."

"झालं ना? झालंच. द्या ते ताट इकडे."

मी हेडफोन काढले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बापाचं बोलणं मी कॅमेऱ्याचा दोष म्हणून लिहिलं होतं आणि त्याचे चार गुण कापले होते! त्याहून वाईट म्हणजे ते सगळं मी शुक्रवारी एकदा ऐकलंही होतं. आवाज मोठा की बारीक एवढंच बघत होते, तो माणूस म्हणतोय काय याच्याशी मला काही घेणंदेणंच नव्हतं.

पडद्यावर कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. माझं बोट तिथे जाऊन थांबलं. पुसून टाकलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? दादा सासूबाईंना घेऊन गेला असता, बाबा इथेच राहिले असते आणि मला लोक चांगली म्हणत राहिले असते. खरी गोष्ट सांगू? बाबा गेले की या घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरत नव्हतं. मी त्यांना सांभाळत होते म्हणे! मी पुसलं नाही, पण त्याबद्दल मला शहाणी म्हणू नका. अंक निघेपर्यंत चित्रण जपून ठेवायचं असा आमचा नियम आहे, आणि संपादकबाईंना मी घाबरते.

त्यांना फोन केला. "दोष कॅमेऱ्याचा नाही. आवाजाला नऊ करा."

"मग आधी सहा कसे दिलेस?"

"ऐकण्यात माझी चूक झाली," मी म्हणाले. त्या जरा गप्प झाल्या, बहुतेक मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या खाटेशी जाऊन बसले. म्हटलं, आता विचारू. तर जीभ नेमकी टाळ्याला चिकटलेली. मग हवेबद्दल बोलले, शेजारच्यांच्या गाडीबद्दल बोलले, नव्या पडद्यांबद्दल बोलले. बाबा ऐकत होते. त्यांच्या त्या ऐकून घेण्याची मला इतकी लाज वाटली की दूध तापत ठेवलंय असं सांगून उठले. दूध बिध काही नव्हतं.

रविवारी दहाच्या सुमाराला दादा आला. खुर्चीच्या कडेवर बसला, बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मग?"

"दादा, गुरुवारी फोनवर जे सांगितलं ना, ते बाबांचं म्हणणं नव्हतं. माझं होतं. त्यांना मी बोलूच दिलं नाही." दादा काहीच म्हणाला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण शिव्यांना शब्द लागतात.

मी बाबांसमोर स्टूल ओढून बसले. "बाबा, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगा. मी गप्प बसते. खरंच."

आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. बाबांनी दादाकडे बघितलं. चार. पाच. घसा साफ केला. सहा.

"मला..."

सात. आठ. त्यांच्या गळ्याची शीर ताणली होती. नऊ.

"दु..."

"दुकानात जायचंय!" मी ओरडले. "दादा, दुकानात जायचंय रे त्यांना! एकटे बसून सराव करतात, मी बघितलंय, तीनदा म्हणाले..."

दादा माझ्याकडे बघत होता. मी काय केलं ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. दीड वर्षात एकदा, फक्त एकदा त्यांना बोलू द्यायचं होतं, आणि तेही मी त्यांच्या तोंडातून ओढून घेतलं. स्टुलावरून उठून पळून जावं असं झालं. माफी मागायला मी तोंड उघडलं.

बाबांनी डावा हात उचलला आणि पंजा माझ्या तोंडावर ठेवला. रागाने नव्हे, पण चांगला घट्ट. मग दादाकडे वळून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"मला... दुकानात... जायचंय."

खूप वेळ लागला. मी मोजलं नाही. दादाने मान हलवली आणि उठायला लागला, पण बाबांचं संपलं नव्हतं. पुढचा शब्द मला ठाऊक नव्हता. गुरुवारच्या सरावात तो नव्हता, आणि तो त्यांच्या तोंडून न अडखळता एका दमात आला.

"आजच."

दादा पुन्हा खाली बसला. कुठली बॅग घ्यायची, औषधं कुठे आहेत, सगळं त्या दोघांचं नजरेनंच चाललं होतं. वाक्य संपलं तरी बाबांनी हात माझ्या तोंडावरून काढला नाही, आणि मीही तो बाजूला केला नाही.