मालनचं नाव

लतिकाबाईंनी झांजांची जोडी सौमित्रच्या टेबलावर आदळली, तसे चर्चच्या कचेरीत चहा पीत उभे असलेले मंडळीचे दोन ज्येष्ठ पंच कप तिथेच ठेवून बाहेर सटकले.

"तिचं नाव वाचायला कुणी सांगितलं होतं तुला?"

सौमित्र हा गिरगावच्या त्या मराठी चर्चचा नवा, धाकटा पाळक. सकाळच्या उपासनेत प्रार्थनेची यादी वाचताना त्याने खणखणीत आवाजात म्हटलं होतं, घोडपदेवच्या मालन परब यांचं अंधारातून तारण व्हावं. आणि मालन परब त्याच्यापासून चार हातांवर बसून पखवाजाला कणीक लावत होती.

तिचा हात क्षणभर थांबला होता. मग तिने कणीक नीट थापली, बोटं पुसली, आणि लतिकाबाई कीर्तनाला उभ्या राहिल्यावर बायबलमधल्या योनाचं अख्खं आख्यान वाजवलं. एक मात्रा हलली नाही. फक्त लय अशी चढवत नेली की साठीच्या लतिकाबाईंना दम घ्यायला फट उरली नाही. शेवटचं पद संपलं तशी पखवाजाला गवसणी घालून, कुणाकडे न बघता ती निघून गेली.

दोघींची ओळख सहा महिन्यांची. परळच्या इस्पितळात खांद्याच्या व्यायामासाठी रांगेत बसल्या असताना लतिकाबाई एक पद गुणगुणत होत्या. शेजारच्या अनोळखी बाईने बाकावर बोटांनी ठेका धरला आणि थोड्या वेळाने सुनावलं, "आवाज गोड आहे गो, पण समेवर येत नाहीस." ही मालन. घोडपदेवच्या बायकांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारी. इकडे लतिकाबाईंचा साथीदार वसईला लेकीकडे राहायला गेल्यापासून वर्षभर चर्चमधलं कीर्तन बंद पडलेलं. परमेश्वराच्या योजनेवाचून असं कुणी भेटतं का? लतिकाबाईंनी हे ज्याला त्याला सांगितलं होतं. मालनलासुद्धा. ती हसली होती.

"मावशी, बसा जरा," सौमित्र म्हणाला.

बसायला आले नाही, असं त्यांनी ठणकावलं. पाहुणी म्हणून बोलावलेल्या बाईचा भर मंडळीत पाणउतारा करायचा ही कुठली सेवा, शिक्षण घेऊन एवढंच शिकलास का, असं पुष्कळ काही त्या बोलल्या. सौमित्रने सगळं ऐकून घेतलं. मग खण उघडून, प्रार्थनेच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक काढून त्याने त्यांच्यापुढे ठेवली.

अक्षर त्यांचंच होतं. तारीख ओळख झाली त्याच आठवड्याची. 'अंधार' हा शब्दही त्यांचाच, शिवाय त्याच्याखाली रेघ मारलेली.

"मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल," तो हळूच म्हणाला.

लतिकाबाईंनी चिठ्ठी उचलली. झांजा तिथेच राहिल्या.

घोडपदेवपर्यंत त्या टॅक्सीवाल्याशी भांडत गेल्या. रस्ता चुकवतोस, गाडी हळू हाकतोस. तो बिचारा बरोबर नेत होता.

मालन गॅलरीत पाटावर बसून बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"कसला अंधार दिसला गो तुला? घरात दोन ट्यूबलाइट आहेत माझ्या."

"मीच लिहिलं होतं ते, आपण भेटलो त्या आठवड्यात," लतिकाबाई चिठ्ठी पुढे धरत म्हणाल्या. "सौमित्रची चूक नाही."

"ते कळलं मला. त्या पोराला माझं आडनाव कुठून माहीत असणार?" सुरीने एका बांगड्याचं डोकं उडालं. "तेव्हा ओळख नव्हती म्हणशील. मग ओळख झाल्यावर चिठ्ठी परत का नाही घेतलीस?"

विसरले, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"कारण मला अजून तसंच वाटतं," लतिकाबाई म्हणाल्या. "तुला जे मिळावंसं वाटतं, ते वाटतंच. खोटं कसं बोलू?"

मालनने सुरी खाली ठेवली.

"हे तोंडावर बोललीस ते बरं केलंस," मालन म्हणाली. "पण एक सांग. देवानं गाठ घालून दिली म्हणतेस ना? मग मला तुझ्याकडे पाठवलं की तुला माझ्याकडे, हे कुणी सांगितलं तुला?"

लतिकाबाईंनी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली, मग आणखी एक.

आतून सुनेने, अपेक्षाने, विचारलं, ताटं किती घेऊ? मालन उठली, हात धुतले आणि लतिकाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, एक जास्त घे, राग आला म्हणून कुणाला उपाशी पाठवायची रीत नाही आपल्यात. आणि राग गेलेला नाही, हेही तिने लगेच सांगून टाकलं.

बांगडे तळून झाल्यावर ताटं वाढली. लतिकाबाईंनी सवयीने डोळे मिटले, हात जुळवले. मुलगा, सून, सगळ्यांचे हात घासापाशी थबकले.

"लतिका," मालनचा आवाज आला, कोरडा. "माझं नाव घेणार असशील तर मोठ्यानं घे. मला ऐकू दे, काय मागतेस ते."

लतिकाबाईंनी तोंड उघडलं. पहिला शब्द यायला बराच वेळ लागला, आणि तोवर कुणीही जेवायला सुरुवात केली नाही.