एकट्याची फेरी

लायल डेमचुकला वर बोलावणं आलं तेव्हा तो बसच्या हीटरवर मोजे वाळत घालत होता. तेरा वर्षं आइस हॉकीच्या खालच्या लीगमध्ये काढलेला माणूस. थंडर बे, अँकरेज, फोर्ट वेन, विचिता, मधे एक वर्ष कुठल्याशा अशा गावात जिथं रिंकपेक्षा गुरांचा बाजार मोठा होता, मग परत विचिता. संघ मोजायचे तर अकरा. वय तेहतीस, पुढचे चार दात विकतचे. संघातली पोरं त्याला आजोबा म्हणायची.

पुढच्या सीटवरून कोचनं फोन बंद केला आणि मान वळवली. "आजोबा, बॅग भर. वरच्यांचे दोन बचावपटू जायबंदी आहेत. उद्या संध्याकाळी तू खेळतोयस."

मग जो काय कल्ला झाला! कुणी त्याच्या टकलावर केळं फोडलं, कुणी त्याचेच ओले मोजे त्याच्या गळ्यात घातले.

"आजोबा, दात लावून जा रे!"

"ओळखपत्र ने जवळ, नाहीतर ज्येष्ठ नागरिक म्हणून प्रेक्षकांत बसवतील!"

लायल हसला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. डोळे भरले होते, आणि ते या टोळीला दिसले असते तर सीझनभर जगू दिलं नसतं त्यांनी.

त्याला फार नको होतं हो. एक सामना. वरच्या लीगमध्ये एक सामना खेळलात की नाव कायमचं नोंदीत चढतं. मग तुम्ही तीस सेकंद खेळा नाहीतर तीनदा तोंडावर पडा, कुणाच्या बापाला ते खोडता येत नाही. आणि एकही खेळला नाहीत, तर तेरा वर्षं तुम्ही नेमकं काय केलंत हे गावातल्या न्हाव्यालासुद्धा समजावून सांगावं लागतं. लायल दर उन्हाळ्यात समजावत होता.

त्यानं बापाला फोन लावला. म्हातारा यॉर्कटनच्या पलीकडे राहायचा. गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी त्यानं तीस वर्षं चालवली होती.

"टाटो, मला वर बोलावलंय."

म्हातारा म्हणाला, "कुणाचा पाय मोडला?"

"रेमीचा. मोडला नाही, चकती लागलीय. सुजलाय."

"तुझ्या खोलीत राहायचा तोच फ्रेंच पोरगा?"

"तोच."

"बरं. निघतो मी. आठ तास लागतील. पेरोगी आणू?"

"टाटो, तिथं जेवण असतं रे."

"आणतो," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायल वरच्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरला, तर त्याच्या नावाची जर्सी खुंटीला लटकलेली. अक्षरं शिवलेली, नीट, पक्क्या टाक्यांची. खालच्या लीगमध्ये नाव म्हणजे चिकटवलेली पट्टी. माणूस गेला की ओढून काढतात. त्यानं कुणी बघत नाही असं पाहून बोटानं टाके चाचपले.

कोच हॅल्वर्सन आला. उंच, कोरा चेहरा, कधी कुणाला नावानं हाक मारली तर ती मेहेरबानीच. "डेमचुक. रेमी वॉर्म-अपला उतरून पाय बघणार म्हणतोय. बघू दे. पण आत्तापुरतं यादीत नाव तुझं आहे. फेरी तुझी."

फेरी! पहिल्यांदा वर खेळणाऱ्याला सगळे बर्फावर सर्वांत पुढे सोडतात आणि स्वतः दारातच थबकतात. त्यानं हेल्मेट न घालता, एकट्यानं, रिकाम्या रिंकभोवती एक फेरी मारायची. बाकीचे काठ्या आपटत उभे. बहुतेकांची ही फेरी विशीत होते. लायलनं ती दुसऱ्यांसाठी काठ्या आपटत पाहिलीही नव्हती. त्यासाठीसुद्धा वर असावं लागतं.

काठीला पट्टी गुंडाळायला जरा एकांत हवा म्हणून तो मागच्या खोलीत गेला, जिथं ओले बूट आणि पॅड वाळत टाकतात. तिथं रेमी दोरवाल बाकावर बसला होता. तोंडात टॉवेल कोंबलेला, आणि दोन्ही हातांनी डाव्या पायात स्केटचा बूट ओढत होता. पाय काळानिळा. करंगळीच्या बाजूला हाड जिथं नसावं तिथं वर आलेलं.

"दार लाव," रेमी टॉवेल काढून म्हणाला.

लायलनं दार लावलं. "मोडलाय हा."

"मुका मार आहे."

"रेमी, मला डोळे आहेत."

"मग मिटून घे ना, आजोबा!" रेमीच्या कपाळावरून घाम निथळत होता. "उन्हाळ्यात माझा करार संपतोय. घरी जोसेला सातवा महिना लागलाय. आणि आज कोण बसणार माझ्या जागी? तू! तू मला काय सांगितलं होतंस विचितात? सांग ना. तुझेच शब्द आहेत."

शब्द त्याचेच होते. चार वर्षांपूर्वी रेमी नवा कोरा त्याच्या खोलीत राहायला आला होता. बरगडी दुखावली म्हणून कोचला सांगायला निघाला, तर लायलनं त्याला बखोट धरून पलंगावर बसवलं. विसाव्या वर्षी आपलं मनगट तडकलं होतं, हे सांगितलं. आपण शहाण्यासारखं खरं सांगितलं. दोन आठवडे बसवलं, आणि त्या दोन आठवड्यांत आपल्या जागी ज्याला घेतलं तो वर गेला आणि नऊ वर्षं वर राहिला. "उभं राहता येतंय ना?" लायलनं त्या दिवशी रेमीला सुनावलं होतं. "मग तुला काहीही झालेलं नाही. जागा सोडलीस की गेली. आणि दुसऱ्याचं दुखणं दिसलं तर तोंड शिवून ठेवायचं, कळलं?" रेमी तशाच बरगडीनं सहा सामने खेळला आणि सातव्याच्या आधी वर गेला.

"एवढा चांगला विद्यार्थी होशील असं वाटलं नव्हतं," लायल म्हणाला. त्याला हसू आणायचं होतं, ते आलं नाही.

"सांगणार आहेस?"

लायल बाहेर आला आणि त्यानं हेल्मेट काढून ठेवलं.

मग फेरी झाली. दारात सगळे थांबले, काठ्या आपटू लागल्या, आणि लायल एकटा त्या पांढऱ्या, कोऱ्या, ओल्या बर्फावर उतरला. टक्कल दिव्यांत चमकत होतं. काचेपाशी कुणीतरी ओरडलं, "अरे, हा कोच आहे का?" आणि हशा पिकला. लायललाही हसू आलं. कोपऱ्यात सहाव्या रांगेत म्हातारा उभा होता, रिंकवरचाच जुना कोट घातलेला, फोन आडवा धरून. दुसऱ्या हातानं डोळे पुशीत होता, म्हणजे चित्रण नक्की हललं असणार. तेरा वर्षांत पहिल्यांदाच बर्फावर लायलला कुणी ढकलत नव्हतं. फेरी अर्ध्या मिनिटाचीही नसते. त्यानं ती शक्य तेवढी हळू मारली.

रेमी मागून उतरला. दोन फेऱ्या मारल्या, वळणं सगळी उजव्या पायावर घेतली, आणि लवकर आत गेला.

ड्रेसिंग रूममध्ये हॅल्वर्सन दोघांच्या समोर येऊन उभा राहिला. सामना सुरू व्हायला पंधरा मिनिटं.

"रेमी, पाय?"

"एकदम मस्त."

कोच त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवली. "लायल." पहिल्यांदाच नावानं. "तू याला ओळखतोस. हा खेळू शकतो?"

आता बघा, हा माणूस आंधळा नव्हता. त्यालाही ती वळणं दिसली होती. पण रेमी त्याचा चांगला खेळाडू होता, आणि त्याला फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून 'हो' हवं होतं. वीस माणसं ऐकत होती. लायलनं एक शब्द उच्चारला असता, तर सामना त्याचा. एक खरा शब्द. आणि त्या वीस जणांतला एकही त्यानंतर त्याच्याशी बोलला नसता. आपल्या जागेसाठी जोडीदाराला विकणारा म्हणून पुढचा जन्मही गेला असता. रेमी खाली मान घालून बुटाची नाडी ओढत होता.

"पळतोय की," लायल म्हणाला.

"ठीक. डेमचुक, कपडे बदल."

जर्सी त्यानं स्वतःच काढली. सूट चढवला, लिफ्टनं वर गेला आणि पत्रकारांच्या शेजारी एका खुर्चीत जाऊन बसला. कुणीतरी पॉपकॉर्न पुढे केलं. खाली कोपऱ्यात म्हातारा मान उंचावून खेळाडूंच्या बाकावर एक-एक चेहरा तपासत होता. लायलला ते बघवेना.

दुसऱ्या सत्रात रेमी एका आक्रमकामागे वळला आणि डावा पाय त्याच्याखालून गेला. कुणी धक्काही दिला नव्हता. तो उठायला गेला, पडला, पुन्हा उठायला गेला. शेवटी दोघांनी खांद्याला धरून नेला. त्याचं ओरडणं वरपर्यंत ऐकू आलं.

सामना सुरू झाला की बाहेरच्याला आत घेता येत नाही. बाकावर रेमीची जागा रिकामी राहिली. उरलेले पाच बचावपटू धापा टाकत आलटून-पालटून जात राहिले, आणि लायल डेमचुक, धडधाकट, दोन्ही पाय शाबूत, टाय लावून, दीड तास त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. कुणाच्या तरी नरड्याला धरावं असं वाटत होतं, आणि कुणाच्या ते सुचत नव्हतं.

सकाळी हॅल्वर्सननं बोलावलं. लायल भाबडाच म्हणायचा, दाढी करून गेला. वाटलं, आता तर जागा खरंच रिकामी आहे. गुरुवारी पुढचा सामना.

"डॉक्टर म्हणतात हाड तीन दिवसांपूर्वीच मोडलं होतं," कोच म्हणाला. "काल त्याचे तुकडे झाले. सीझन गेला, कदाचित पुढचाही. तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं."

"तुम्हालाही दिसत होतं," लायल म्हणाला.

हॅल्वर्सनच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "मला या खोलीत खरं बोलणारी माणसं लागतात. गुरुवारसाठी खालून एका स्वीडिश पोराला बोलावलंय. बारा वाजता तुझं विमान आहे. जर्सी ने, ती कुणाच्या कामाची नाही."

विमान त्यानं सोडून दिलं. म्हातारा म्हणाला, मी सोडतो, वाटेवरच आहे. अर्थात वाटेवर नव्हतं ते. मैलोन् मैल बर्फाचं रान, गाडीत कांद्याचा आणि लोण्याचा वास. बटाटा भरलेल्या पेरोगींचा डबा दोघांच्या मध्ये तसाच पडून होता.

बऱ्याच वेळानं म्हातारा म्हणाला, "त्या पोराचा पाय मोडलाय, हे तुला आधी ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि कोचनं तुला विचारलं?"

"विचारलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "सांगायचं होतंस रे. पोराचा पाय वाचला असता. तुझा सामना झाला असता."

लायलच्या डोक्यात सणक गेली. "टाटो, तू सांगतोस हे? तू? नऊ वर्षांचा होतो मी. मेलव्हिलविरुद्ध सामना होता. बोट मोडलं म्हणून रडत बाकाशी आलो, तर तू सगळ्यांसमोर काय म्हणालास? 'बोट आहे, पाय नाही. रडायचं असेल तर घरी चालत जा.' चालत, टाटो! उणे तीसमध्ये! त्या दिवसानंतर मी कुठं काय दुखतं ते कुणाला सांगितलं? एकदा सांगितलं, मनगटाचं, आणि त्याची तेरा वर्षं झाली! हे बघ ते बोट, अजून वाकडं आहे!"

त्यानं बोट म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरलं. म्हाताऱ्यानं वेग कमी केला, चष्मा सारखा केला आणि त्या बोटाकडे खरंच नीट पाहिलं, पहिल्यांदा पाहत असल्यासारखं.

"मी असं म्हणालो?"

"हो!"

"मेलव्हिलविरुद्ध?" म्हातारा आठवत राहिला. बराच वेळ, मनापासून. मग त्यानं हळूच मान हलवली. "मला नाही रे आठवत."