सगळ्यात फिकी डबी

"हलू नकोस ना गं," कनकाची हनुवटी धरून मी म्हणाले. "क्रीम पुरतं सुकू दे. ओल्यावर ही पावडर लावली की चट्टे पडतात."

"चेन्नईत मे महिन्यात काय सुकतं, वैनी? डब्यातलं मीठ सुकत नाही, माझं तोंड काय सुकणार?"

कनका माझी नणंद. बत्तीस वर्षांची, अण्णा नगरमधल्या एका विमा कचेरीत कारकून. तिला बघायला येणारा हरिप्रसाद त्याच कचेरीतला, समोरच्याच टेबलावरचा. गेली कित्येक वर्षं तो तिच्या डब्याच्या वरच्या पुडातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात होता. लग्नाचं त्यानंच घरी काढलं होतं. मग आता हे रंगकाम कशाला, असं मी विचारलंच.

"मुलानं पाहिलंय गो, मुलाच्या आईनं कुठं पाहिलंय?" अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातूनच म्हणाल्या. मिनरल पावडरची डबी त्यांनीच अमेरिकेतल्या माझ्या जावेकडून मागवली होती. शेडही त्यांचीच पसंती, सगळ्यात फिकी. कनकाचा रंग चिंचोक्यासारखा, काळसर आणि तुकतुकीत.

डबीवरचं इंग्रजी मला वाचता येत होतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. झाकणात चिमूटभर पावडर घ्यायची, ब्रश त्यात गोल फिरवायचा, काठावर टिचकी मारून जास्तीची झटकायची, मग गालापासून बाहेरच्या बाजूला घोटत न्यायची. थर द्यायचा नाही, घोटायची. मी घोटत होते आणि आतून संतापानं फुटत होते.

"इन्नुम कोंजम, अर्चना, अजून थोडी," अम्मा म्हणाल्या. "मान राहिली. कान राहिले."

पलंगावर माझी चार वर्षांची स्वरदा मांडी घालून बघत होती. रंगानं ती थेट आत्यावर गेलीय.

"आई, आत्या पांढरी होतेय?"

"नाही. बाहेर जा."

"मग काय होतेय?"

कनका माझ्या कानाशी पुटपुटली, "लाव, वैनी. एका दिवसाचं तर आहे. मला हरि हवाय. उद्यापासून तो मला आहे तशीच बघणार आहे."

मी ब्रशचा दुसरा हात दिला.

पाहुणे आले. शिरा झाला, भजी झाली. कॉफीचे पेले आले, ते उचलण्याआधी हरिप्रसादच्या आईपुढे, धनलक्ष्मीअम्मांपुढे, कनकानं हळदीकुंकवाचं तबक धरलं. त्यांनी तिला कुंकू लावलं. मग वाटीतली ओली हळद घेतली, बोटाच्या टोकावर नव्हे, तळव्यावर. तिच्या दोन्ही गालांना ती चोळली आणि अंगठ्यानं घासली, समईला पितांबरी लावून घासतात तशी. मी तिथंच उभी होते. तो आशीर्वादाचा हात नव्हता.

हळदीबरोबर पावडर निघाली. खालून कनका दिसायला लागली.

धनलक्ष्मीअम्मांनी अंगठा रुमालाला पुसला, रुमालाकडे पाहिलं आणि हसून लेकाकडे वळल्या. "काय रे हरि, तुमच्या कचेरीत दिवे नाहीत?"

कुणीतरी फसकन हसलं. अम्मा भिंतीकडे बघत राहिल्या. माझा नवरा, सख्खा भाऊ तिचा, त्यांना म्हणाला, "मामी, अजून भजी घ्या ना!"

कनका हरिप्रसादकडे बघत होती. मीही बघत होते. बोल ना रे मेल्या. दिवे आहेत म्हण. रोज बघतो म्हण. एवढंच तर म्हणायचं होतं त्याला.

तो पेल्याकडे बघत आईला म्हणाला, "अम्मा, कॉफी गार होतेय."

कनकानं तबक खाली ठेवलं आणि आत गेली. मोरीतल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तोंड निथळत होतं. मान, कान, सगळं धुतलेलं. पदरानं पुसलंसुद्धा नाही. हरिप्रसादसमोरचा पेला तिनं उचलला.

"गार झाली म्हणालात. दुसरी आणून देते तुम्हाला."

त्याला 'तुम्ही' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. तिनं खरंच दुसरी आणली. वाफाळती, फेस आलेली. त्याला ती प्यावी लागली.

ते गेल्यावर मी खोलीत आले, तर आरशासमोर स्वरदा. ब्रश मुठीत, डबी उपडी, तोंड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. मी ओला टॉवेल घेतला आणि तिचं तोंड पुसायला लागले. जोरात. फारच जोरात.

"लागतंय!" ती रडायला लागली. "आत्याला तूच लावलीस ना?"

कनकानं मागून येऊन टॉवेल काढून घेतला आणि मला म्हणाली, "पोदुम, वैनी. पुरे. दुखतंय तिला."

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी ओट्याशी उभी होती. चित्रान्न केलं होतं. खालचं पूड भरलं, वरचं हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि मांडणीवर पालथं घातलं. झाकण खालच्यावरच बसवलं. डबा दोन पुडांचा, त्यामुळे कडी सैल राहिली. तिनं ती दाबून पाहिली, बसेना. तशीच चपला घालून निघाली.

जिना उतरेपर्यंत तो डबा वाजत होता. खाली रस्त्यावर गेली तरी मला ऐकू येत होता.