कोरा कान

तोंड चालवणं हेच माझं काम. थट्टा नाही, छापखान्यात मला त्यासाठीच ठेवलंय. लेखकानं हातानं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचते. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं तोंडानं म्हणते, आणि समोर चष्मेवाले काका छापील कागदावर बोट फिरवत ताडून बघतात. अशी वीस वर्षं गेली. भांडतानासुद्धा मी विरामचिन्हं म्हणते, असं आईचं मत आहे.

त्यामुळे एका निवृत्त कॅप्टनसाहेबांची लढाईवरची कादंबरी छपाईला आली, तेव्हा त्यातल्या शिव्याही माझ्याच वाट्याला आल्या. तीनशे पानं. नायक अर्थातच कॅप्टन. खंदकात बसून दर दहा पानांनी 'मी कोण आहे?' असं स्वतःला विचारतो, आणि मधल्या वेळात एका तारवाल्याचा उद्धार करतो. तारवाला म्हणजे टेलिफोनची तुटलेली तार जोडणारा शिपाई. त्याला पुस्तकभर नाव नाही. तो नुसता 'ठोंब्या'. 'ठोंब्या, डोक्यात भुसा भरलाय का?' 'ठोंब्या, तुझ्यापेक्षा खेचर बरं.' वाचून वाचून माझंच तोंड कडू झालं.

एकशे अठराव्या पानावर ठोंब्या दातांनी तार सोलतो, जोडतो, आणि लाइन चालू झाली हे कळवायला फोनमध्ये दोनदा शीळ घालतो. मी तिथंच अडकले. काकांनी मान वर करून विचारलं, काय झालं? काय सांगणार, कप्पाळ!

माझे बाबा पंखे आणि रेडिओ दुरुस्त करतात. वायर दातांनी सोलतात, त्यावरून आईची बोलणी खातात, आणि यंत्र चालू झालं की दोनदा शीळ घालतात. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. तरुणपणी ते फौजेत होते, पण लढाईचं विचारलं की म्हणतात, थंडी फार होती. एवढंच. आणि घरात त्यांना कुणी मोठ्यानं हाक मारत नाही, कारण कुणी ओरडलं की ते हातातलं टाकून ताठ उभे राहतात. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता स्वतःचीच लाज वाटते.

खरा घाव दोनशे चौदाव्या पानावर होता. पुलाजवळची तार तुटते, ठोंब्या घाबरून पळून जातो, आणि नायक स्वतः रांगत जाऊन तार जोडतो. त्याच्यामुळे अख्खी पलटण वाचते. मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते रेडिओचे स्क्रू पिळत राहिले.

"पळालो?" ते म्हणाले. मग पेचकस खाली ठेवून, "मग बोटं काय उंदरांनी खाल्ली?"

आमच्या छापखान्याची एक रीत आहे. छपाईआधी शेवटचं वाचन लेखकासमोर होतं, आणि तिथं एक 'कोरा कान' बसवतात. म्हणजे पुस्तक अजिबात न वाचलेला माणूस. कधी पहारेकरी, कधी बांधणीवाली. त्याला जिथं पटलं नाही तिथं त्यानं हात वर करायचा, आणि लेखकानं निमूट ऐकून घ्यायचं. या वेळी मी मालकांना म्हटलं, कान मी आणते; बाबांनी पुस्तक ऐकलं असेल, वाचलेलं कुठं होतं? बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि डावा हात खिशात घालून बसले. कॅप्टनसाहेबांनी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही.

मी वाचत गेले. एकही शिवी गिळली नाही. प्रत्येक ठोंब्या खणखणीत वाचला, अवतरणचिन्हांसकट. बाबांचा चेहरा बघवत नव्हता, पण हात काही वर होईना. दोनशे चौदावं पान आलं. नायकानं तारेची दोन्ही टोकं सोलली, तांबं तांब्याला पिळलं आणि संदेश गेला, पूर्णविराम. बाबांचा उजवा हात वर झाला.

"अशी जोडलेली तार सुटते," ते हळूच म्हणाले. "आधी गाठ मारायची, मग तांबं पिळायचं. ओढ गाठीवर यायला हवी. ज्यानं एकदा जरी जोडलीय, तो हे विसरणार नाही."

चष्मेवाल्या काकांनी समासात खूण केली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"गप बस, ठोंब्या!"

साहेबांना बाबांचं नाव, गाव, काहीही कुणी सांगितलेलं नव्हतं. माणसाला ते विसरले होते, पण बाबांचा आवाज ऐकल्याबरोबर शिवी आपसूक तोंडात आली होती. आणि बाबा? बाबा उठून उभे राहिले होते. ताठ, हात खाली, नजर समोर. मला रडू आलं आणि रागही इतका आला की दौत फेकून मारावी असं वाटलं.

मग बाबांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि ते सावकाश खाली बसले. डावा हात पुन्हा खिशात न घालता टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"साहेब," ते म्हणाले, "तीनशे पानं तुम्ही विचारताय, मी कोण, मी कोण. एकदा तरी तुम्ही मला विचारायचं होतं, तू कोण?"

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. नाव आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. ते त्यांना कधी माहीतच नव्हतं. मग त्यांनी कागद गोळा केले आणि निघून गेले. मालक मला म्हणाले, जाऊन माफी माग. मी म्हटलं, ती मागायची पाळी माझी नाही.

कादंबरी दुसऱ्या छापखान्यातून निघाली. वाचनालयात आल्याचं कळलं तसे आम्ही बापलेक गेलो. दोनशे चौदावं पान काढलं. ठोंब्या अजून पळतच होता, पण नायक आता आधी गाठ मारत होता, मग तांबं पिळत होता. चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाठ बरोबर आलीय," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "छापलेल्यात चूक राहिली तर तू काय करतेस?"

"खोडून दुरुस्त करते."

"मग कर. आणि वाच. मोठ्यानं."

भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. मी पर्समधून लाल पेन काढलं, 'ठोंब्या घाबरून पळाला' यावर रेघ मारली आणि समासात बाबांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे लिहिलं, 'यांनी तार जोडली.' खाली नायकाच्या नावावरही रेघ मारली. मग घसा साफ करून पहिल्या अक्षरापासून वाचलं. माणसं वळून बघू लागली. ग्रंथपालबाई उठून आमच्याकडे यायला निघाल्या. मी थांबले नाही. पूर्णविरामसुद्धा म्हटला.

बाबा उठून उभे राहिले. त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ते आपले आपण उठले होते, आणि भरल्या वाचनालयात त्यांनी दोनदा शीळ घातली.